साखळी मध्येच का थांबते

आमच्या घरात मशीन म्हटलं की ते पप्पांचं खातं. ते चाकणच्या एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून सुटे भाग बनवतात तिथे, ऑपरेटर आहेत. लातूरकडून इकडे आले तेव्हापासून याच कामात आहेत. मी ताथवड्याला कॉलेजात कॉम्प्युटर शिकते. पण आईकडच्या आणि पप्पांकडच्या सगळ्या नातेवाइकांत कॉलेजात जाणारी मी पहिलीच, त्यामुळे इंजिनिअरिंग म्हणजे इंजिन अशी घरात सगळ्यांची समजूत आहे. मिक्सर अडला की मला हाक, पाण्याची मोटर गुरगुरली की मला हाक. आम्हाला हे शिकवत नाहीत असं मी दर वेळी सांगते. आई विचारते, "मग शिकवतात तरी काय?"

या उन्हाळ्याच्या शेवटी जोराचा वारा सुटला आणि घरामागचं सुबाभूळ आडवं झालं. आमच्या मागच्या भिंतीच्या आणि शेजारच्या आबांच्या गोठ्याच्या मधे एक बोळ आहे, बरोबर त्यात. कोणाला लागलं नाही, भिंतही वाचली, पण बोळ बंद झाला. आबांच्या गायी आमच्या पुढच्या अंगणातून जायला लागल्या. आईची तुळस एकीनं खाल्ली, दुसरीनं वाळत घातलेली कुरडई. आबा या गावचे जुने शेतकरी. त्यांच्या जमिनीवर आता गोदामं उभी आहेत, पण गायी त्यांनी सोडल्या नाहीत. ते रोज सकाळी बोळाच्या तोंडाशी येऊन उभे राहायचे आणि खोडाकडे बघून म्हणायचे, "न्हाई हललं व्हय अजून?" जणू रात्रीतून ते आपोआप उठून जाणार होतं.

फांद्या पप्पांनी कोयत्यानं तोडल्या. खोड मात्र कोयत्याला दाद देईना. झाडं कापणाऱ्या माणसांना विचारलं तर ते वादळात पडलेल्या मोठमोठ्या झाडांच्या मागे होते, आमच्या एका खोडासाठी कोण येतो. मग पप्पा चाकणच्या बाजारपेठेतल्या चाचांकडे गेले. चाचा गवत कापायची यंत्रं आणि पाण्याचे पंप दुरुस्त करतात. त्यांच्याकडून पप्पांनी पेट्रोलवर चालणारा एक जुना चेनसॉ, म्हणजे साखळीची करवत, विकत आणला. चाचांनी त्यांना पेट्रोलमध्ये किती ऑइल मिसळायचं ते सांगितलं, साखळीच्या तेलाची टाकी वेगळी असते ते दाखवलं आणि "गार्ड को मत छेड़ना भाऊ" असं बजावलं. हे शेवटचं वाक्य पप्पांनी घरी आल्यावर हसत हसत सांगितलं, म्हणून मला माहीत आहे. आईनं मशीनला हळदकुंकू लावलं. पप्पा म्हणाले गुरुवारी खोडाचा निकाल लावतो.

आमच्या पट्ट्यातल्या कंपन्यांना सुट्टी गुरुवारी असते. कॉलेजला नसते. त्या गुरुवारी मी कॉलेज बुडवलं. का, ते मी घरी सांगितलं नाही. आदल्या संध्याकाळी मी मोबाइलवर त्या चेनसॉचं माहितीपुस्तक उघडलं होतं, नुसतं बघावं म्हणून. अर्ध्याहून जास्त पानं यंत्राबद्दल नव्हतीच, माणसाला काय काय होऊ शकतं त्याबद्दल होती. चित्रांत माणूस म्हणजे नुसती काळी आकृती, आणि करवत तिच्या तोंडावर उसळलेली. ज्या लांब पट्टीवरून साखळी फिरते तिच्या टोकाचा वरचा भाग कशाला लागला, की अख्खं मशीन मागे, आपल्याकडेच उसळतं. डोळ्याची पापणी लवायच्या आत. तेवढ्यासाठी पुढच्या मुठीसमोर एक गार्ड असतो. मशीन उसळलं की डाव्या हाताचं मनगट त्या गार्डवर आदळतं, गार्ड पुढे ढकलला जातो आणि साखळी जागच्या जागी थांबते. म्हणजे तो गार्ड हाच ब्रेक. हे मी तीनतीनदा वाचलं, कारण इंग्रजी मला अजून सावकाश वाचावं लागतं.

सकाळी पप्पांनी बर्म्युडा आणि चपला घालून सुरुवात केली. मी जरा धीर करून म्हटलं की कंपनीचे सेफ्टी शूज आहेत ना, आणि जाड पँट. ते म्हणाले, घरचं तर काम आहे. पण आईनं बूट आणून पुढ्यात ठेवले, तेव्हा त्यांनी घातले. कंपनीचा गॉगल आणि कानातले बोळेही घेतले. मी ओढणी आत ठेवून आले आणि बोळाच्या तोंडाशी, त्यांच्यापासून लांब उभी राहिले.

पहिला ओंडका लोण्यासारखा कापला गेला. आबा म्हणाले, "वा रं गड्या." दुसऱ्याच्या वेळी मशीन अडखळायला लागलं. इंजिन ओरडतंय, धूर निघतोय आणि साखळी मात्र मध्येच थांबलेली. पप्पा गार्ड मागे ओढायचे, साखळी परत फिरायची, ते मशीनवर भार द्यायचे, थोडं कापलं जायचं, आणि परत तेच. त्यांच्या कपाळावरची शीर मला लांबून दिसत होती. शेवटी त्यांनी मशीन बंद केलं आणि आत गेले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात कंपनीत वायरी बांधायला वापरतात तसले प्लास्टिकचे टाय होते. त्यांनी गार्ड मागे ओढला आणि टायनं मुठीला आवळून बांधून टाकला.

"झालं," ते म्हणाले. "बायपास."

हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आले आहे. रस्त्याचा नव्हे, कंपनीतला. प्रेसच्या पुढे एक न दिसणारा किरणांचा पडदा असतो, त्यात हात गेला की प्रेस थांबते. कधी पडदा उगाचच थांबवतो, धुळीनं किंवा नुसत्या बाहीनं. माल तर निघाला पाहिजे. मग कोणीतरी वायर फिरवतं आणि पडदा असून नसल्यासारखा होतो. त्याला म्हणतात बायपास मारणे. घरी जेवताना पप्पा आणि त्यांचे मित्र हे अशा सुरात बोलायचे, जसं आपण म्हणतो की गाडीत हवा भरून आणली. त्या मित्रांपैकी एक काका दिवाळीला येतात, तेव्हा फराळाची ताटली दोन बोटांनी आणि अंगठ्यानं धरतात. उरलेली दोन बोटं प्रेसखाली गेली, ती लाईन बायपासवर होती. काकांनी तो किस्सा विनोद करून सांगितला होता, आणि पप्पांनी दोन्ही पंजे पसरून म्हटलं होतं, "आपले बघा, दहाच्या दहा." सगळे हसले होते. मी तेव्हा शाळेत होते, मीही हसले होते.

टाय बांधलेला बघून मी दोन पावलं पुढे गेले. मी म्हटलं, "पप्पा, तो गार्ड..." ते म्हणाले, माहिती आहे, चाचानं सांगितलंय, पण सारखी बंद पडायली तर काम कसं व्हायचं. मी आत गेले. आई भाकरी थापत होती. तिला मी सगळं सांगितलं, मनगट, उसळणं, काळी आकृती. तिनं तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, "मला सांगून काय होणार? त्यांना सांग. माझं त्यांनी मशीनच्या बाबतीत कधी ऐकलंय?"

माझं तरी कधी ऐकलं होतं? आमच्या घरात मोठ्यांशी वाद घालायची रीत नाही. मी कॉलेजात प्रश्न विचारायलाही हात अर्धाच वर करते. पण बाहेर पप्पा स्टार्टरची दोरी ओढत होते, एकदा, परत एकदा, आणि आता कुठल्याही क्षणी इंजिन लागणार होतं. इंजिन लागल्यावर माझं बोलणं त्यांना ऐकूच येणार नव्हतं. मी बाहेर गेले आणि खोडावर जाऊन बसले. जिथे अर्धा काप झाला होता, बरोबर तिथे.

पप्पांनी दोरी सोडली. आबा गोठ्याच्या दारात विडी ओढत बसले होते, ते खोकत खोकत हसले. "आरं, पोरगी आंदोलनाला बसली की. आता पोलीस बोलवा."

"उठ गं माय," पप्पा म्हणाले. आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. ते रागावले की तसंच होतं. "लोक बघायलेत."

लोक म्हणजे आबा आणि दोन गायी. पण मला कळत होतं त्यांना काय म्हणायचंय. मी खोडाच्या सालीला दोन्ही हातांनी धरलं.

"पप्पा, ती मध्येच का थांबते तेवढं बघू," मी म्हटलं. "कारण सापडलं नाही तर बांधा. मी उठते."

हे मी आधी ठरवलं नव्हतं. बांधू नका असं म्हणायची हिंमत नव्हती, म्हणून हे निघालं असावं. पण पप्पांना ते पटलं असावं. मशीन का थांबलं याचं कारण शोधणं हे त्यांच्या रोजच्या कामातलं होतं. त्यांनी चेनसॉ खाली ठेवला आणि खोडाजवळ उकिडवे बसले. आबा म्हणाले, आता बसा चर्चा करत, माझ्या गायी सुबाभळीच्या सावलीत म्हाताऱ्या होतील.

आम्ही कापाखालचा भुसा बघितला. पहिल्या ओंडक्याखाली जाडसर, चपटे तुकडे पडले होते. दुसऱ्याखाली नुसतं पीठ, दळून आणल्यासारखं. माहितीपुस्तकात याचं चित्र होतं. मी मोबाइल पुढे केला. धारदार साखळी लाकडाचे तुकडे काढते, बोथट साखळी पीठ पाडते. पप्पांनी दोन्हीकडचा भुसा चिमटीत घेऊन चोळून बघितला. मग अंगठ्यानं साखळीचा एक दात चाचपला.

"गेलीय धार," ते म्हणाले. "पण आत्ता तर होती."

कशी गेली तेही समोरच होतं. खोड जमिनीवर पडलेलं. पहिला काप आरपार गेला तेव्हा साखळी खालच्या मुरमात घुसली होती. एवढंसं टेकलं असेल, पण मुरूम म्हणजे दगडच. पुढचं सगळं मग ओळीनं लागत गेलं. धार नाही म्हणून मशीन आत शिरत नव्हतं. शिरत नव्हतं म्हणून पप्पा पुढे वाकून भार देत होते. भार देताना डावा हात मुठीवरून पुढे सरकत होता आणि मनगट गार्डला लागून ब्रेक बसत होता. पप्पांनी बंद मशीन हातात धरून तसं वाकून बघितलं. मनगट बांधलेल्या गार्डला टेकलं.

"म्हणजे गार्डचा दोष नाही," ते म्हणाले.

मी खोडावरून उठले.

चाचांनी मशीनबरोबर एक गोल कानस दिली होती. साखळी धारेला लावताना ती हलू नये म्हणून ब्रेक लावून ठेवायचा, असं माहितीपुस्तकात होतं, आणि ब्रेक लावायचा तर गार्ड मोकळा हवा. मी हे वाचून दाखवलं. पप्पांनी खिशातून पक्कड काढून टाय कापला. टायला काय तोटा आहे, असं काहीतरी पुटपुटले. मग इंजिन चुकून सुरू होऊ नये म्हणून त्यांनी प्लगची वायर काढून ठेवली, हातमोजे चढवले आणि मशीन दोन ओंडक्यांच्या बेचक्यात घट्ट बसवलं.

कानस चालवायला मी सुरुवात केली होती, त्यांनीच सांगितलं म्हणून. माझी कानस पुढे जाताना घासायची आणि मागे येतानाही घासायची. ते म्हणाले तू दाताला गुदगुल्या करायलीस. त्यांनी हातात घेतल्यावर आवाजच बदलला. पण कुठला दात कुठल्या दिशेनं, हे त्यांना माहीत नव्हतं, ते मी वाचून सांगत होते. कानस दाताच्या आतून बाहेर न्यायची, परत आणताना उचलायची. दातावर एक तिरकी रेघ असते, तिच्याशी कानस समांतर धरायची. एक सोडून एक दात घ्यायचा, कारण शेजारचा दात उलट्या बाजूला तोंड करून असतो. उरलेले दात दुसरीकडून. आणि प्रत्येक दाताला सारखेच हात मारायचे, नाहीतर काप वाकडा जातो. ते मान डोलवत होते. मध्येच त्यांनी विचारलं, "हे सगळं इंग्लिशमध्ये लिहिलंय?" मी हो म्हटलं. ते परत कामाला लागले.

आईनं जेवायला हाक मारली. साखळी पूर्ण होईपर्यंत आम्ही कोणीच उठलो नाही.

जेवून आलो आणि आधी खोड उचललं. आबांनी गोठ्यातली लांब पहार आणली, पप्पांनी आणि त्यांनी खोड एका बाजूनं तोललं, मी खाली फांद्यांचे तुकडे सरकवले. आता खोडाखाली हात जाईल एवढी जागा झाली. मी एक पुठ्ठा आणला. मशीन सुरू केल्यावर पट्टीचं टोक पुठ्ठ्यावर धरून वेग दिला की तेलाची बारीक रेघ उमटली पाहिजे, तरच साखळीला तेल पोचतंय. रेघ उमटली. मग पप्पांनी ब्रेक तपासला. मशीन दोन्ही हातांनी धरून, साखळी वेगात फिरत असताना, मनगटानं गार्ड पुढे लोटला. साखळी जागेवर थांबली. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली, जणू गार्ड मी बनवला होता.

त्यानंतरचं काम बघायला सुंदर होतं. असं म्हणणं विचित्र वाटेल, पण होतं. पप्पा खोडाच्या एका अंगाला उभे, पट्टीच्या रेषेत नाही, अंगठे मुठींभोवती लपेटलेले, भार न देता. मशीन स्वतःच लाकडात उतरत होतं आणि चपट्या तुकड्यांचा फवारा बुटांवर पडत होता. काप वरून बराचसा घ्यायचा, मग थांबायचं, मशीन बंद करून खोड पहारीनं फिरवायचं आणि उरलेलं दुसऱ्या बाजूनं. मुरमाला साखळी लागू द्यायची नाही. साखळी मध्येच थांबली नाही, एकदाही नाही. टायचा जुडगा त्यांच्या खिशातून अर्धा बाहेर लोंबत होता.

चहाच्या वेळी त्यांनी एक नियम काढला. त्यांच्या शॉपमध्ये शिफ्ट सुरू झाली की पहिला पीस ऑपरेटर स्वतः पास करत नाही. तो क्वालिटीवाल्याच्या टेबलावर ठेवायचा, त्यानं ओके दिलं की मगच लाईन चालू. ऑपरेटर कितीही जुना असो. पप्पा कपात बघत म्हणाले की प्रत्येक कापाआधी मी मशीन बघायचं आणि ओके म्हणायचं, म्हणजे उगाच परत कोणी खोडावर बसायला नको. आबा म्हणाले, "लई भारी साहेब मिळाला रं तुला." पप्पा म्हणाले, "शिकलेला साहेब हाय, आबा."

पहिल्या दोन-तीन कापांना मी ओके म्हटलं ते मशीनकडे नीट न बघताच, लाजेनं. पप्पांना ओके द्यायचं म्हणजे काय, माझी जीभच वळेना. मग त्यांनी एकदा मशीन पुढे धरलं आणि माझ्या ओकेनंतरही तसंच धरून ठेवलं. "काय बघितलंस?" त्यांनी विचारलं. मी तेव्हा कुठे मशीनकडे वाकले. ते म्हणाले, आमच्याकडचा क्वालिटीवाला न बघता असा ओके देतो ना, त्याला आम्ही नुसता शिक्का म्हणतो. त्यानंतर मी बघायला लागले. गार्ड मोकळा आहे का, तेल आहे का, नट घट्ट आहेत का, साखळी पट्टीला चिकटून आहे का, त्यांच्या पायाखाली ओंडका तर नाही.

ऊन उतरलं तेव्हा शेवटचा काप उरला होता, बुंध्याकडचा, सगळ्यांत जाड. आबा गायी सोडून दोरी हातात धरून तयार होते, आज त्या बोळातूनच जाणार म्हणून. आईही बघायला बाहेर आली होती. पप्पा दमले होते, शर्ट पाठीला चिकटला होता. त्यांनी मशीन सुरू केलं, ब्रेक लावूनच, आणि माझ्यासमोर आडवं धरलं. इंजिन संथ चालत होतं. मी बघितलं. पट्टीच्या खालच्या बाजूला साखळी किंचित लोंबत होती. दिवसभर तापून सैल झाली असणार. अगदी थोडीच. मधे एक नखभर फट दिसत होती, तीही वाकून बघितलं म्हणून.

एकच काप होता. सगळे माझ्याकडे बघत होते, गायीसुद्धा. सैल साखळी पट्टीवरून उतरू शकते, फिरता फिरता, आणि ती उतरून कुठे जाईल ते सांगता येत नाही. हे मला माहीत होतं आणि पप्पांना बहुतेक माहीत नव्हतं. मला हेही माहीत होतं की एका कापात बहुधा काही होणार नाही.

"नाही," मी म्हटलं.

त्यांना ऐकू गेलं नाही. कानात बोळे होते आणि इंजिन चालू होतं. त्यांनी भुवया उंचावल्या. मी मान हलवली, मग तेवढं पुरेसं वाटेना म्हणून हात पूर्ण वर केला, थांबा म्हणून, तळवा त्यांच्याकडे करून. आबा काहीतरी ओरडले. पप्पांनी माझ्या हाताकडे बघितलं, मग साखळीकडे. त्यांना ती फट तिथून दिसणं शक्य नव्हतं.

त्यांनी अंगठ्यानं स्विच खाली केला. इंजिन बंद झालं. त्यांनी मशीन ओंडक्यावर ठेवलं, कानातले बोळे काढले आणि खिशात पाना शोधत विचारलं, "कुठून सैल आहे?"

मी दाखवलं. गरम साखळी आवळली तर गार होताना ती आखडते, म्हणून ती गार व्हायची वाट बघत आम्ही दोघं मशीनशेजारी बसून राहिलो. आबांनी गायी परत आत बांधल्या.